बाबांच्या बाजूचा पट्टा

माझ्या बाबांची लबाडी मी पकडली ती हैदराबादेत, आबिड्सच्या वाटेवर, भर सिग्नलला, ट्रॅफिक पोलिसाच्या डोळ्यांदेखत.

बाबा गाडी चालवत होते. आई त्यांच्या शेजारी, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी मागे, कारण चाळिशी उलटली तरी लेकीनं मागेच बसायचं असतं. उदगीरला आईच्या भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि आम्ही साड्या घ्यायला निघालो होतो. सिग्नलला पोलिस दिसला तसे बाबा एकदम ताठ झाले. छातीवरून सीटबेल्ट तिरका, व्यवस्थित. दोन्ही हात स्टिअरिंगवर. चेहऱ्यावर झेंडावंदनाला उभं राहिल्याचा भाव. पोलिसानं आत डोकावून बघितलं आणि खूश होऊन मान हलवली. सिग्नल सुटला. पुढच्या वळणावर बाबांनी डावी मांडी जराशी उचलली, तिच्याखालून पट्ट्याचं टोक निसटलं आणि अख्खा पट्टा सैल होऊन त्यांच्या पोटावर पडला.

म्हणजे बकल लावलेलंच नव्हतं! पट्टा नुसता अंगावरून घ्यायचा आणि टोक मांडीखाली दाबून धरायचं.

"बाबा, हे काय आहे?"

"काय काय आहे?"

"पट्टा लावला नाही तुम्ही!"

"अंगावर दिसायलाय की."

"लावला नाही, पांघरलाय तुम्ही!"

"हौ, मग? पोलिसाला चाललं, तुला का चालंना?"

आई मध्ये पडली. "अगं, हल्लू बोल, गाडी चालवायलेत ते. तो पट्टा आत जात नाही आता. काढला की सगळा अंगावर लोळतो, मग पायात येतो. म्हणून हे लावत नाहीत."

मी हल्लू बोलणाऱ्यातली नाही. दुकान येईपर्यंत मी जे काही बोलायचं ते बोलून घेतलं, आणि बाबांनी ते सगळं हॉर्न वाजवून ऐकलं.

गाडी आमची जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका, बाबांना राग येतो. काचा हँडल फिरवून खाली करायच्या, रंग मूळचा पांढरा, आता सायीसारखा. वीज खात्यातून रिटायर व्हायच्या जरा आधी त्यांनी ती घेतली आणि तेव्हापासून रोज सकाळी तिच्याभोवती एक फेरी मारल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. इंजिन अजून खणखणीत आहे, हे मलाही मान्य. पण तो पट्टा! चांगल्या गाडीचा पट्टा सोडला की सर्रकन आपल्या जागी जातो. आमचा पट्टा सोडला की आधी विचार करायचा. मग वीतभर आत सरकायचा, थांबायचा, पुन्हा बोटभर जायचा, आणि जेवणाची सुटी संपल्यावर टेबलाकडे निघालेल्या कारकुनासारखा मध्येच कुठेतरी रमायचा. बाबा स्वतः कारकून होते, म्हणून हे मी मोठ्यानं म्हटलं नाही.

परतीच्या वाटेवर तर कहरच झाला. बाबांनी दार लावलं तेव्हा पट्ट्याचं लोखंडी टोक बाहेरच राहिलं. रस्ताभर खण् खण् खण्. एक बाइकवाला शेजारी आला आणि ओरडला, "अंकल, बेल्ट लटकरा!" बाबांनी त्याला हात केला, आशीर्वाद दिल्यासारखा. मग एक रिक्षावाला, "सार, बेल्टू! बेल्टू सार!" मग स्कूटरवरच्या एक बाई नुसत्याच बोट दाखवत हसत गेल्या. घर, म्हणजे मलकपेठ, येईपर्यंत निम्म्या हैदराबादला आमचा पट्टा माहीत झाला होता. बाबा गाडी थांबवायला तयार नव्हते. मध्येच थांबलं की चूक कबूल केल्यासारखं होतं, असा त्यांचा हिशेब.

घरी आल्यावर मी गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली आणि जाहीर केलं: "हा पट्टा ठीक झाल्याशिवाय गाडी उदगीरला जाणार नाही. हायवे आहे तो. लॉऱ्या धावतात. गाडी ठीक झाली नाही तर बसनं जा."

बाबा म्हणाले, "माझी गाडी, माझी किल्ली."

मी म्हटलं, "माझे बाबा."

 ते फेरी मारायला बाहेर गेले. पण आईचं तोंड एवढंसं झालं, आणि ते मला दिसलं.

आता आईचं सांगायला पाहिजे. उदगीर तिचं माहेर. लग्न झाल्यापासून ती माहेरी गेली ती बसनं, आणि बस तिला सोसत नाही. जहिराबाद आलं की पोटात ढवळायला लागतं, बिदरला ती पांढरी पडते आणि उदगीरच्या स्टँडवर उतरते ती मामाच्या खांद्यावर मान टाकूनच. माहेरात तिची ओळखच तशी. "आली का? ओकली का?" असंच विचारतात तिला. गाडी आली तेव्हा तिनं मनाशी धरलं होतं, आता आपण आपल्या गाडीनं जायचं, खिडकीशी बसून, साडीची घडी न मोडता. पण आधी बाबांना सुटी मिळेना. मग रस्ता खराब होता. मग रस्ता झाला तर बाबांचे गुडघे बिघडले. गाडी आपली मलकपेठ ते दिलसुखनगर आणि दिलसुखनगर ते मलकपेठ. आता मामाच्या शेवटच्या मुलीचं लग्न, आई नवरीची एकुलती एक आत्या, आणि बाबा आपण होऊन म्हणाले होते की गाडी काढू या. तिनं मामीला फोन करून बजावलं होतं, "स्टँडवर कुणाला पाठवू नका. आम्ही आमच्या गाडीनं येणार."

रविवारी मी आणि बाबा गाडी घेऊन मेकॅनिककडे गेलो. मलकपेठच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. त्यानं पट्टा एकदा ओढला, एकदा सोडला, पट्टा वीतभर गेला आणि थांबला. मेकॅनिकनं हात पुसले.

"स्प्रिंग बुढ्ढी हो गई," तो म्हणाला. "इसका सेट अब नै आता साब. गाड़ी बेच दो."

"गाडी विकायला आलो नाही," बाबा तडकले.

"तो खोल के देखूँ? पर स्प्रिंग उछली तो फिर बैठती नै. मैं गॅरंटी नै देता."

मी नको म्हटलं. ज्याला स्वतःचीच गॅरंटी नाही त्याच्या हातात माझ्या बाबांचा जीव कुठून देऊ? तेव्हा त्यानं आणखी एक तोडगा काढला. भिंतीवर त्याच्या पोरांचं धुणं वाळत होतं. त्यातला एक लाल चिमटा काढून त्यानं पट्टा बाबांच्या मापानं ओढला आणि खांद्याजवळच्या कडीपाशी चिमटा लावून टाकला. "देखो. अब ना अंदर जाता, ना बाहर. मस्त."

बाबा इतके खूश झाले की त्यांनी त्याच्याशी हात मिळवला. घरी येईपर्यंत मला त्या चिमट्याचे फायदे सांगत होते. मी ऐकून घेतलं, घरी आल्यावर चिमटा काढला आणि म्हटलं, "बाबा, गाडी आदळली तर हा चिमटा तुम्हाला धरून ठेवणार आहे का? बनियन धरायचा चिमटा आहे हा!"

"तुला सगळ्यातच खोट दिसती."

"हो, दिसते."

मग आमचा अबोला. म्हणजे बाबांचा, मला अबोला जमत नाही.

बुधवारी ऑफिसातून सुटून मी त्यांच्याकडे गेले तर जेवणाच्या टेबलावर रुखवताचे डबे एकावर एक रचून ठेवलेले. शेवया, चकल्या, अनारसे. आणि डब्यांच्या शेजारी लिंबं, ओव्याची पुडी, आणि घड्या घालून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. आईनं बसची तयारी केली होती. माझ्याशी भांडली नाही, टोमणा मारला नाही, चहा विचारला, वर साखर बरोबर आहे का ते विचारलं. मला त्या पिशव्या बघवेनात. एवढी वर्षं तिनं ज्याची वाट बघितली ते मी एका वाक्यात बसवर ढकललं होतं. पण पट्ट्याशिवाय बाबांना हायवेवर जाऊ देणंही मला शक्य नव्हतं. शेवटी गुरुवारी मी रजा टाकली.

सकाळी बाबांची फेरी संपल्यावर मी गाडीत जाऊन बसले आणि पट्टा ओढायला लागले. ओढला, ओढला, पार शेवटपर्यंत ओढला, इतका कुणी कधी ओढतच नाही. आणि तेव्हा मला दिसलं. अगदी आतला भाग, जो एरवी कधी बाहेर येत नाही, तो काळाभोर, मऊ, कालच दुकानातून आणल्यासारखा. सोडला की तेवढा भाग झरकन आत जात होता! म्हणजे स्प्रिंग म्हातारी वगैरे काही झाली नव्हती. अडत होता तो बाहेरचा भाग. छातीवर येतो तिथला पट्टा पापडासारखा कडक झालेला, आणि त्याच्यावर जाडसर तांबडट थर. मला आधी गंजच वाटला. पण कापडाला कुठे गंज चढतो? मी ओला रुमाल घासला. रुमाल लालभडक. नाकाशी नेला तर वास खोबरेल तेलाचा.

मी रुमाल घेऊन घरात गेले आणि दोघांना सोफ्यावर बसवलं.

"पट्ट्याला तेल कुणी घातलं?"

बाबा छताकडे बघायला लागले. माझ्या बाबांचा जगात एकाच औषधावर विश्वास आहे. दाराची बिजागरी करकरली, खोबरेल तेल. छत्री उघडेना, खोबरेल तेल. गुडघे, खोबरेल तेल. टीव्हीच्या रिमोटलाही त्यांनी ते एकदा पाजलं होतं, तो वारला.

"थोडंसंच," ते म्हणाले. "पट्टा जड जायला लागला तेव्हा."

"एकदाच?"

"जड गेला की घालायचो."

"अहो!" आई किंचाळली. "मला न सांगता? म्हणून तुमच्या शर्टांना तेलकट वास यायचा! आणि मी साबण बदलला!"

"शर्टांवरून आठवलं," मी आईकडे वळले. बाबांच्या पांढऱ्या शर्टांवर खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरका गुलाबी पट्टा असायचा, कित्येक वर्षं. विचारलं की आई म्हणायची, नव्या परकराचा रंग लागला धुण्यात. कुठला हा परकर, इतकी वर्षं रंग सोडणारा आणि तोही तिरका? "हे लाल काय आहे, आई?"

आईनं पदर सावरला. "दसऱ्याला पूजा नको का करायला गाडीची?"

"चाकाला कर, बॉनेटला कर. पट्ट्याला कोण कुंकू लावतं?"

"का? जीव कोण वाचवतं, चाक का पट्टा?"

मी सोडणारी नव्हे. "एका दसऱ्याचं नाही हे. इथे कुंकवाचं प्लॅस्टर झालंय."

 बाबाही आईकडे बघायला लागले. मग ती रागानंच बोलली, डोळ्यांत पाणी आणून, पण रागानं. "हे गाडी काढायच्या आधी मी रोज जाऊन लावते. हे चपला शोधत असतात तोवर. मग काय करू? हे पट्टा लावत नाहीत. मी सांगून थकले. माझं ऐकतात का हे कधी? मग मी आपली देवाला सांगायची, बोटभर हळद, बोटभर कुंकू, सांभाळ रे बाबा म्हणून."

"अगं, पण मी पट्टा लावायचो की आधी!" बाबा उसळले. "तो कडक व्हायला लागला म्हणून सोडला! तुझ्या कुंकवानं!"

"तुमच्या तेलानं! कोरडं कुंकू झडून गेलं असतं!"

"कुंकू होतं म्हणून तेल घातलं!"

"तेल होतं म्हणून कुंकू चिकटलं!"

मी दोघांच्या मध्ये रुमाल धरून उभी. एकानं थापायचं, दुसऱ्यानं कालवायचं, आणि दोघांनी एकमेकांपासून लपवायचं. ते होईपर्यंत पट्ट्याचा गिलावा झाला आणि मेकॅनिक म्हणतोय स्प्रिंग म्हातारी झाली! मला इतकं हसू फुटलं की मी खालीच बसले. बाबांना ते आवडलं नाही. ते फेरी मारायला निघून गेले.

मग धुणं काढलं. पट्टा पूर्ण ओढून तो मागे पळू नये म्हणून कडीपाशी तोच लाल चिमटा लावला. एकंदरीत त्या मेकॅनिकचं काहीच वाया गेलं नाही. खाली बादली, कोमट पाणी. मी भांड्यांचा साबण आणला तर आईनं तो हातातून काढून घेतला. "सोडा असतो त्यात. रेशमी साडी धुतीस का तू यानं?" तिनं रिठे भिजत घातले आणि पदर खोचून गाडीत चढली. मघाचा जो राग होता तो सगळा त्या पट्ट्यावर निघाला. जुन्या टूथब्रशनं उभं घासायचं, आडवं नाही, वीण विसकटते, असं मला बजावत बजावत तिनं तो पट्टा हातभर हातभर करून धुतला. बादलीत पाणी लाल, ओतलं, पुन्हा लाल, पुन्हा ओतलं, मग गुलाबी, मग पिवळं. फाटकापाशी लाल ओघळ गेला, आणि समोरच्या घरातले चाचा धावत आले, "खैरियत तो है? किसे लगी?" त्यांना समजावून सांगताना मला लाज वाटली. ते म्हणाले, "अच्छा अच्छा, पूजा का है," आणि निवांत परत गेले. हैदराबादेत कशाचंच कुणाला फार आश्चर्य वाटत नाही.

वाळवायचं कसं? ऊन नको, रंग जातो, हे आईचं मत. मग बाबांनी रुसवा सोडून घरातनं एक्स्टेन्शन बोर्ड ओढला आणि टेबलफॅन गाडीत ठेवला. दार उघडं, पट्टा ताणलेला, समोर पंखा. दिवसभर जाणारा येणारा विचारत होता, "क्या अंकल, गाड़ी कू गर्मी होरी?" बाबा गंभीरपणे म्हणायचे, "हौ."

शुक्रवारी संध्याकाळी पट्टा कोरडा खडखडीत झाला. मऊसुद्धा झाला. आम्ही तिघं गाडीभोवती जमलो, मी चिमटा काढला, आणि पट्टा निघाला... वीतभर गेला, आणि थांबला.

आई आत गेली. थोड्या वेळानं मला खिडकीतून दिसलं, ती लिंबं मोजून पिशवीत भरत होती. इकडे बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिले, स्टिअरिंगला हात लावून. "जाऊ दे," ते म्हणाले. "तू म्हणती तेच बरोबर. मीही बसनंच जातो तिच्याबरोबर. पिशव्या धरायला कुणीतरी पाहिजे."

बाबा माझं ऐकायला लागले की मला भीती वाटते. मी चिडले. कुणावर ते मलाही ठाऊक नव्हतं. पट्टा हातात घेऊन मी एकेक बोट पुढे सरकत गेले, कुठे अडतंय ते बघत. आत जिथे तो गुंडाळतो तिथे अडत नव्हता. अडत होता वर, खांद्यापाशी, त्या कडीत, जिच्यातून पट्टा वळून खाली जातो. मी त्या फटीत करंगळी घातली. करंगळी चिकटली.

सगळा मुरंबा तिथे साचला होता! पट्टा धुतला, पण पट्टा ज्यातून जातो ती कडी कुणी बघितलीच नव्हती. आइस्क्रीमच्या काडीला ओलं फडकं गुंडाळून मी तिथे घासायला सुरुवात केली. काळपट लाल लगदा निघाला, निघतच राहिला. बाबा मोबाइलचा टॉर्च धरून उभे. "उजवीकडे राहिलंय," "वरच्या कोपऱ्यात बघ," असं मला सांगत होते, वीज खात्यात असल्यासारखं, म्हणजे काम दुसरा करतोय आणि आपण उजेड दाखवतोय. शेवटी फडकं पांढरं निघायला लागलं. कडी बोटाला गुळगुळीत लागली.

"बाबा, सोडा."

बाबांनी पट्टा सोडला. सर्रर्र! खट्! लोखंडी टोक त्यांच्या कानाला घासून खांबावर आदळलं. "अब्बा!" असं ते तेलुगूत कळवळले, मग कान चोळत हसायला लागले. पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. सर्रर्र, खट्! मी एकदा जोरात हिसका देऊन बघितला, पट्टा जागच्या जागी घट्ट अडला, अडायला पाहिजे तसाच. मग मी किल्ली पर्समधून काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात टाकली आणि आत जाऊन आईला म्हणाले, "ती लिंबं राहू दे. सरबत कर त्याचं."

रविवारी पहाटे नव्हे, चांगल्या उजेडात ते निघाले. रुखवताचे डबे डिकीत. आईनं नवी मोतिया रंगाची साडी नेसली होती, घडी न मोडलेली. हातात ताट. चाकांना हळदकुंकू झालं, बॉनेटवर स्वस्तिक झालं, चाकाखाली लिंबं झाली, आणि ताट घेऊन ती सवयीनं बाबांच्या दाराकडे वळली. मी तिथे आधीच उभी होते.

"आई. अजिबात नाही."

"अगं, एक बोट..."

"अर्धंसुद्धा नाही. बघ, लावलाय त्यांनी."

बाबांनी खरंच लावला होता. टक् असा आवाजही झाला होता. त्यांनी बकलवर थाप मारून तिला दाखवलं. आईनं वाकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, बकल हलवून पाहिलं, आणि मग ताट मागे घेतलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. ती रात्ररात्र जागलेल्या माणसासारखी थकलेली आणि सुटलेली दिसली.

ती जाऊन डावीकडे बसली, मांडीवर पर्स, पर्सवर ताट. मी तिच्या बाजूचा पट्टा बघावा म्हणून हात घातला. आठवडाभर आम्ही तिघंही फक्त उजवीकडे बघत होतो. मी ओढला. तो हातात आला तोच सळसळीत, काळाभोर, कडक इस्त्रीतला. ना तेल, ना डाग, ना कुंकवाचा कण. सोडला, सर्रकन गेला. घेतला तसा होता तो.

"आई, हा कधी लावलास तू?"

"मी कशाला लावू? मी कुठे गाडी चालवते?"

"आणि कुंकू? एवढ्या वर्षांत याला एकदा तरी?"

ती माझ्याकडे बघून हसली, मी वेडगळ काही विचारल्यासारखी. "हा माझ्या बाजूचा आहे, बाई. याला काय करायचंय?"

 बाबा समोर काचेतून बघत होते. मग त्यांनी वळून, स्वतःच्या पट्ट्यानं अडेपर्यंत वाकून, तिच्या खांद्यावरून तो पट्टा ओढला. साडीची घडी मोडू नये म्हणून पदर आधी नीट केला, ताट उचलून डॅशबोर्डवर ठेवलं, आणि बकल लावलं. टक्. आई संकोचली. "अहो, काय हे, पोरीसमोर." बाबांनी ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं आणि तिच्या पट्ट्यावर, खांद्यापाशी, टेकवलं.

"बाबा!" मी ओरडले, सवयीनं. दोन दिवस घासून माझी नखं अजून लाल होती.  गाडी सुरू झाली, एका हाकेत, नेहमीसारखी. लिंबं फुटली. ती फाटकाबाहेर पडताना मी मागून ओरडले, "तेल नाही हं! तेलाचा थेंब नाही!"

"हौ!" बाबांचा हात खिडकीतून बाहेर आला.

संध्याकाळी मामानं लग्नघरातले फोटो पाठवले. आई दारात उभी, डोकं ताठ, चेहऱ्यावर तजेला, साडीची घडी जशीच्या तशी. फक्त मोतिया पदरावर खांद्यापाशी बोटभर गुलाबी डाग. सगळ्या फोटोंत तो होता. मी फोन करून म्हटलं, अगं, पदर जरा ओढून घ्यायचास, डाग दिसतोय.

"दिसू दे की," आई म्हणाली. मागे सनई, पोरांचा गलका, आणि तिचा आवाज एकदम ठणठणीत. "मामीनंही विचारलं, हे काय सांडलं म्हणून. मी म्हटलं, सांडलं नाही काही. आमच्या गाडीनं आलो ना आम्ही."